गुडघ्यापुरती जागा

माझे बाबा आणि शेजारचे काका यांच्यात दीड फूट जागेवरून अबोला झाला तेव्हा दोघांच्या वयाची बेरीज दीडशेच्या घरात होती. मी भंडाऱ्याला शाळेत गणित शिकवते, त्यामुळे अशा बेरजा माझ्या डोक्यात आपोआप होतात. वजाबाकी मात्र मला त्या वर्षी या दोघांनी शिकवली.

आमचं गाव पवनी तालुक्यात, कोंढ्याच्या पुढे. बाबांची धानाची शेती, काकांचं तलावात जाळं. दोन्ही घरं एकाच रस्त्याला तोंड करून बसलेली, आणि मध्ये बेशरमचं कुंपण. हे झाड ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगते, याची काडी जमिनीत खोचली की ती कुंपण म्हणून उभी राहते, आणि पाऊस पडला की तिला मुळं फुटून तीच झाड होते. तोडली तरी वाढते, उपटून फेकली तर फेकली तिथे वाढते. नाव काही उगाच पडलेलं नाही. दर वर्षी दिवाळीनंतर बाबा आणि काका मिळून जुनं कुंपण छाटायचे आणि नव्या काड्या खोचायचे. एका वर्षी बाबा खोचायचे, एका वर्षी काका. जो खोचायचा तो आपल्या बाजूला उभा राहून, जुन्या ओळीच्या वीतभर पुढे खोचायचा. असं चाळीसेक वर्षं चाललं. कुंपण कधी आमच्या अंगणात चार पावलं फिरून यायचं, कधी त्यांच्या. खरी हद्द कुठे आहे हे कुणालाच माहीत नव्हतं आणि कुणाचं काही अडतही नव्हतं.

अडलं ते बाबांच्या खुब्यामुळे. आषाढात धानाची रोवणी चालू असताना बाबा धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. बाजूच्या तलावात काका जाळं टाकत होते. त्यांनी जाळं तिथंच सोडलं, बाबांना पाठीवर घेतलं आणि चिखलातून रस्त्यापर्यंत आणलं. पंचाहत्तरीकडे झुकलेल्या माणसानं पंचाहत्तरीकडे झुकलेल्या माणसाला. वाटेत दोघंही एकमेकांना शिव्या देत होते असं रोवणीच्या बायांनी मला नंतर सांगितलं. नागपूरला ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं की यापुढे जमिनीवर बसायचं नाही, उकिडवं तर जन्मात नाही.

आता आमचा संडास म्हणजे सांदवाडीच्या, म्हणजे परसाच्या, टोकाला, विहिरीच्याही पलीकडे, घरापासून बत्तीस पावलांवर. उकिडवं बसायचा. म्हणून मधल्या खोलीत पडद्यामागे भोक असलेली प्लास्टिकची खुर्ची आली आणि खुर्चीखाली भांडं आलं. आई जाऊन सात वर्षं झालेली. मी लग्न केलेलं नाही, त्यामुळे माझ्या नावावर आधीच बरीच कामं असतात, त्यात हे एक वाढलं. मी भंडाऱ्याची खोली बंद करून घरी राहायला आले आणि रोज स्कूटीनं शाळेत जाऊ लागले. सकाळी भांडं, संध्याकाळी भांडं. मला त्याचं काही वाटत नव्हतं. बाबांना वाटत होतं.

बाबांचं जेवण म्हणजे धानाच्या गावातल्या माणसाचं जेवण. ताटात भाताचा डोंगर, त्याला खळगा, खळग्यात वरण, आणि पहिला डोंगर संपायच्या आत दुसऱ्याची चौकशी. ते आता मूठभर भात घेऊ लागले. भूक नाही म्हणायचे. औषधांनी तोंड कडू झालं म्हणायचे. मी तोंड गोड करायला लिंबाचं लोणचं काढलं, मुंगण्याच्या, म्हणजे शेवग्याच्या, शेंगा केल्या. काही उपयोग झाला नाही. पंधरा दिवसांनी एकदा मी भांडं घेऊन जाताना मागे वळून पाहिलं, तर बाबा भिंतीकडे तोंड करून बसले होते, आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. लेकीला भांडं उचलावं लागू नये म्हणून माझा बाप जेवत नव्हता. मी विहिरीवर जाऊन भांडं धुतलं आणि तिथंच पायरीवर बसून रडले. मग डोळे पुसून भावाला फोन केला की घरात संडास बांधायचा.

भाऊ नागपूरला तिसऱ्या मजल्यावर राहतो. त्याच्याकडे दोन कमोड आहेत आणि तो ते फोनवर दर वेळी सांगतो. त्यानं सरळ सांगितलं की आमच्या गावच्या मंडईला तो येतो आहे, तोपर्यंत संडास झाला तर ठीक, नाही तर बाबांना सोबत घेऊन जाणार. मंडई म्हणजे आमच्याकडे दिवाळीनंतर प्रत्येक गावाचा ठरलेला दिवस, दुकानं, नाटक, आणि घरोघरी मावणार नाहीत इतके पाहुणे. म्हणजे हातात तीन महिने होते. बाबा त्या फ्लॅटमध्ये एकदा चार दिवस राहून आले होते आणि आल्यावर म्हणाले होते की तिकडे खिडकीतून खाली पाहिलं तर ओळखीची एक म्हैस दिसत नाही. भावाचं बोलणं त्यांनी फोनच्या आवाजातून ऐकलं होतं. त्या संध्याकाळी मला फक्त एवढंच म्हणाले, "मले तिकडं पाठवू नोको." बाबांनी मला कधी काही मागितलेलं नव्हतं. हे पहिलं.

जागा एकच होती. समोर रस्ता, मागची सांदवाडी सखल, पावसाळ्यात तिथे तलावाचं पाणी पाहुण्यासारखं येऊन राहतं. डाव्या हाताला दुसऱ्याची भिंत चिकटलेली. उरली उजवी बाजू, काकांच्या कुंपणाकडची.

मिस्त्री आला तो पुनर्वसनाच्या वस्तीतला. त्याचं मूळ गाव गोसीच्या धरणात गेलेलं. हात कसबी, तोंडात कायम सुपारी-तंबाखूचा खर्रा, आणि एक खोड अशी की पैसे मी देत असले तरी सगळं बाबांना विचारायचा. त्यानं आखणीसाठी चुन्याची फक्की आणली, दोरी ताणली, आणि सहज विचारलं की हद्द कोठून धरायची. बाबा म्हणाले, कपडे धुवायच्या दगडावरून. काका कुंपणापलीकडून म्हणाले, मुंगण्याच्या झाडावरून. मिस्त्रीनं दोन्हीकडून दोरी धरून पाहिली. आमच्या जुन्या भिंतीपासून दगडाच्या रेषेपर्यंत साडेपाच फूट भरले, मुंगण्याच्या रेषेपर्यंत चार.

मग जे झालं त्याला भांडण म्हणायचं की उजळणी, मला ठरवता येत नाही. दगड कोणी आणला, मुंगणा कोणी लावला, कोणत्या साली कोणाच्या बापानं कोणाला काय म्हटलं, सगळं निघालं. मी शहाणपणानं म्हटलं की सरकारी मोजणी बोलावू. त्यावर दोघंही माझ्यावर एकदम वळले. शेजाऱ्यावर मोजणी आणणं म्हणजे त्याला कोर्टात ओढणं, शिकल्या-सवरलेल्या पोरीनं असं बोलावं का, वगैरे. त्या दिवशी त्यांचं एकमत झालेली ती एकमेव गोष्ट. मिस्त्रीनंही तोंडातला खर्रा एका गालात सारून सांगितलं, "मॅडम, मोजणीचं नाव नोको काढा. माहं गाव मोजता मोजताच बुडालं."

दुसऱ्या दिवसापासून अबोला. पोळ्याच्या आधी चारेक दिवसांची गोष्ट. अबोला पडला म्हणून दोघं गप्प बसले असं कुणी समजू नये. ते बोलायचे, फक्त एकमेकांशी नाही. बाबा अंगणात खुर्ची टाकून आमच्या गाईला सांगायचे की काही लोकांना चाळीस वर्षांची सोबत दीड फुटापुढे दिसत नाही. पलीकडून काका कोंबड्यांना दाणे टाकताना सांगायचे की काही लोकांना पाठीवर घ्या, डोक्यावर घ्या, ते शेवटी आपल्या कुंपणावरच बसतात. गाय रवंथ करायची. कोंबड्या दाणे टिपायच्या. अबोला अर्थात फक्त पुरुषांचा होता. काकी रोज दुपारी कुंपणाच्या खिंडीतून येऊन बाबांना चहा करून द्यायच्या आणि मी शाळेतून येईपर्यंत त्यांच्यावर लक्ष ठेवायच्या. दोन्ही नवऱ्यांना, म्हणजे एका नवऱ्याला आणि एका शेजाऱ्याला, त्या एकाच शब्दात मोडीत काढायच्या. तो शब्द इथे लिहिण्यासारखा नाही.

काम थांबलं. दोरी ताणलेली, फक्कीवर पाऊस पडून गेलेला. गणपती गेले, नवरात्र आलं. माझा जीव टांगणीला. बाबांचा भात आणखी कमी झाला, मनगटातलं घड्याळ कोपराकडे सरकू लागलं. शेवटी मीच काकांकडे जायचं ठरवलं होतं, पण त्याआधी काका पानठेल्यावर बोलले. चार लोकांसमोर ते म्हणाले की घेऊ द्या त्याला दीड फूट, म्हाताऱ्याला बसायला जागा नाही, तर माझ्या जागेत बसू द्या. ते त्यांनी कोणत्या सुरात म्हटलं देव जाणे. मला आजही वाटतं की सरळ मनानं म्हटलं असेल. पण पानठेल्यावरून आमच्या घरापर्यंत यायला त्याला पाच तोंडं लागली, आणि शेवटचं तोंड मिस्त्रीचं होतं.

मी त्या दिवशी शाळेत नववीला क्षेत्रफळ शिकवत होते. घरी येऊन पाहते तर पाया भरून झालेला, जोत्याला विटांचा एक थरही लागलेला. आणि पाया दगडाच्या रेषेवर नव्हता, मुंगण्याच्या रेषेवरही नव्हता. त्याच्याही अर्धा फूट अलीकडे, आमच्याच जागेत होता. मी मिस्त्रीकडे पाहिलं. त्यानं बाबांकडे बोट केलं.

"मले भीक नोको," बाबा म्हणाले. "त्याचा दीड फूट त्याले, आन् वरून माहा अर्धा फूट त्याले दक्षिणा."

मी खाली बसले. साडेपाचातून दोन गेले, साडेतीन उरले, त्यातून भिंतीची जाडी अर्धा फूट गेली, उरले तीन. तीन फूट रुंदीच्या संडासात वॉकर घेतलेला माणूस. ज्याच्यासाठी बांधायचा त्यानंच तो आपल्याला मावणार नाही असा बांधून घेतला होता. मी बरंच बोलले. बाबा शेवटी म्हणाले की आपण मोडू पण वाकणार नाही. मी म्हटलं, मोडून तर झालंच आहे, आता वाकायचं डॉक्टरांनीही बंद केलं, म्हणजे तुमचं दोन्हीकडून फावलं. मिस्त्री हसला. बाबा हसले नाहीत.

पाया फोडा म्हटलं तर बाबांनी दोन दिवस अन्नाला हात लावला नाही, म्हणून मी तोंड मिटलं. पण दानशूरपणा एकट्यानं करता येत नाही, समोरचाही पेटतो. काकांनी आमचा पाया पाहिला, घरात गेले, कुदळ घेऊन बाहेर आले आणि सगळं कुंपण उपटलं. मग बाबांची दगडाची रेषा सोडून, तिच्याही एक फूट पलीकडे, स्वतःच्या अंगणात नव्यानं काड्या खोचल्या. खोचताना कोंबड्यांना सांगत होते की आपल्यालाही कोणाची दक्षिणा पचत नाही.

अशा रीतीनं आमच्या भिंतीच्या आणि त्यांच्या कुंपणाच्या मध्ये तीन फुटांची एक पट्टी तयार झाली, जी कुणाचीच नव्हती. महिना-दीड महिना जिच्यासाठी भांडण चाललं ती जागा आता दोघंही ओसाड टाकून बसले. तिथला कचरा कुणी झाडेना, कारण झाडला तर हक्क सांगितल्यासारखं होईल. एक दोडक्याचा वेल आपण होऊन उगवला आणि त्याला दोडके लागून वाळून गेले. काकांच्या एका तांबड्या कोंबडीनं तिथे अंडी घालायला सुरुवात केली. कोंबडी काकांची, पण जागा बाबांनी दिलेली, म्हणून काका अंडी उचलेनात. जागा बाबांची, पण कोंबडी काकांची, म्हणून बाबा मला उचलू देईनात. ती अंडी मुंगूस खायचा. त्याला कशाचाच अभिमान नव्हता.

भिंती चढल्या. कमोड कुठे बसवायचा यावर एक दिवस गेला. खोली लांबीला होती सात फूट, म्हणून मी म्हटलं की कमोड टोकाला लावा, म्हणजे समोर पाय पसरायला मोकळी जागा राहील. पण खोलीची लांबी पूर्व-पश्चिम. पूर्वेला तोंड केलं तर समोर सूर्यनारायण, पश्चिमेला केलं तर समोर गावचा मारुती. बाबा म्हणाले, या वयात कोणाशी वैर नको. दक्षिणेला आमची जुनी भिंत, तिच्यात दार पाडायचं. राहिली उत्तर. त्या दिशेला कोणताही देव नव्हता, फक्त काका होते. म्हणून कमोडची पाठ दाराशेजारी जुन्या भिंतीला आणि तोंड काकांकडे, असं ठरलं.

पवनीहून पांढरा शुभ्र कमोड आला. मिस्त्रीनं तो जागेवर नुसता ठेवला, सिमेंटचे शिंतोडे आत पडू नयेत म्हणून त्यात तणीस, म्हणजे धानाचा पेंढा, कोंबली, आणि आठवडाभर छताचे पत्रे यायची वाट पाहत राहिला. मंडईला दहा दिवस उरले होते. बाबा वॉकर घेऊन पाहायला आले. वॉकर दारातून आत गेला आणि वळेना. बाबांनी तो आडवा केला, तिरका केला, उचलला, आणि शेवटी दाराबाहेर ठेवून भिंतीला धरत दोन पावलं आत गेले. कपाळावर घाम आला. "चालते," म्हणाले. मी खोलीत जाऊन बाबांच्या बॅगेत त्यांची दोन धोतरं, तीन सदरे आणि औषधांचा डबा भरायला घेतला. भाऊ आला की न्यायला तयार असावं म्हणून. आणि खरं सांगायचं तर बाबांना दिसावं म्हणूनही. बाबांनी पाहिलं आणि ते भिंतीकडे तोंड करून पडले.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी मधल्या खोलीत वह्या तपासत होते, बाबा खाटेवर, मिस्त्री नव्या खोलीच्या कोपऱ्यात बसून खर्रा घोटत होता. बाहेरून, त्या कुणाच्याच नसलेल्या पट्टीतून, काकांचा आवाज आला. खिडकीची चौकट अजून बसायची होती, त्या मोकळ्या भोकातून त्यांचं डोकं दिसत होतं.

"बाई, माही कोंबडी तुमच्या संडासात बसून हाय. नेऊ का?"

मी जाऊन पाहिलं तर तांबडी कोंबडी खरोखरच कमोडमध्ये तणसावर खुडूक होऊन बसली होती, पिसं फुलवून, डोळे वटारून. मुंगसाला कंटाळून तिनं पक्क्या घरात जागा घेतली होती. मी म्हटलं, या काका. ते सरळ रस्त्यावरून वळसा घालून, आमच्या पुढच्या दारातून, बाबांच्या खाटेसमोरून, बाबांकडे न पाहता आत आले. बाबांनीही छताकडे पाहिलं.

काकांनी टोपली आणली होती. कोंबडीनं हाताला दोन चोची मारल्या, पण त्यांनी तिला तणसासकट आणि सात अंड्यांसकट अलगद उचलून टोपलीत ठेवलं. मग जायला वळले आणि वळता येईना. टोपली भिंतीला अडली. ते थांबले. भिंतीकडे पाहिलं, कमोडकडे पाहिलं, दाराबाहेर ठेवलेल्या वॉकरकडे पाहिलं. टोपली मिस्त्रीच्या मांडीवर दिली आणि लुंगी सावरून कमोडवर बसले.

त्यांचे गुडघे समोरच्या भिंतीला टेकले. काकांनी उठायचा प्रयत्न केला. बसलेला म्हातारा माणूस उठताना आधी पुढे झुकतो, तसे ते झुकले आणि त्यांचं कपाळ भिंतीवर आपटलं. मागे झाले, बाजूला झाले, पुन्हा झुकले, पुन्हा आपटलं. मिस्त्री मांडीवर कोंबडी घेऊन गंभीरपणे बघत होता. हसायला मला खूप येत होतं, आणि त्याच वेळी त्या जागी बाबा दिसत होते. तिसऱ्या खेपेला काका भिंत दोन्ही हातांनी धरून, कण्हत, कसेबसे उभे राहिले.

"यावरून तुहा बाप उठन कसा?" कपाळ चोळत त्यांनी मला विचारलं.

मी म्हटलं, त्यांनाच विचारा.

आतून खाटेची करकर ऐकू आली. "त्याले सांग," बाबा मला म्हणाले, "मी उठतो बरोबर."

"तिले कायले सांगून राहिला?" काका म्हणाले. "मी काही बहिरा नाही."

मग त्यांनी कोपऱ्यातली मिस्त्रीची सब्बल, म्हणजे पहार, उचलली आणि समोरच्या भिंतीत घातली. विटा ताज्या होत्या, दोन बाहेर पट्टीत पडल्या. दुसऱ्या घावाला आणखी चार. बाबा वॉकर घेऊन दारात आले. ऑपरेशन झाल्यापासून मी त्यांना इतक्या वेगानं चालताना पाहिलं नव्हतं.

"अबे, माही भित पाडून राहिला का?"

दोन महिन्यांत गाईला न सांगता काकांना सांगितलेलं हे पहिलं वाक्य.

"हो. पाडून राहिलो."

"तुही जागा मले नोको. सांगून ठेवतो."

काकांनी सब्बल जमिनीवर टेकवली. "तुले कोण देऊन राहिला बे? तुह्या गुडघ्याले देऊन राहिलो. तुहा गुडघा काही माह्याशी भांडला नाही."

बाबा आपल्या गुडघ्यांकडे पाहू लागले. जोत्यावर सांडलेली विटेची भुकटी वॉकरच्या पायानं बाजूला सारली.

"कोणत्या?" त्यांनी विचारलं.

"दोन्हीले," काका म्हणाले.

बाबांनी मान हलवली आणि दारातून बाजूला झाले, काकांना घाव नीट घालता यावा म्हणून.

मिस्त्रीनं टोपली खाली ठेवून विचारलं की आता रेषा कोठून धरायची. काका बाहेर गेले आणि आपल्या नव्या कुंपणाजवळ पाय आपटून म्हणाले, इथून. म्हणजे ती ओसाड तीन फुटांची पट्टी सगळी आमच्यात आली, आणि तिच्यात काकांच्या अंगणातला नक्कीचा एक फूट होता, ज्याबद्दल दगडालाही शंका नव्हती आणि मुंगण्यालाही नव्हती. बाबा म्हणाले, एवढा कायले. काका म्हणाले की वॉकरला वळायला बैलगाडीएवढी जागा लागते हे आत्ताच पाहिलं. मी मनात हिशेब केला. आतून सहा फूट. अख्ख्या गावात एवढा ऐसपैस संडास नव्हता आणि आजही नाही. भरलेली बॅग मी त्या दिवशी संध्याकाळी उघडली आणि धोतरं परत खुंटीवर टांगली.

आठ दिवसांत मिस्त्रीनं नवा पाया भरला, भिंत उभी केली, पत्रे टाकले. काका रोज येऊन बसायचे आणि ओळंबा चुकतो आहे असं सांगायचे. भिंतीला बाहेरून, काकांच्या बाजूनं, बाबांनी मिस्त्रीकडून ओळीनं सहा लोखंडी खुंट्या ठोकून घेतल्या, जाळी वाळत घालायला. मी म्हटलं, खिडकी तिकडेच आहे, सगळा वास आत येईल. बाबा म्हणाले की आत कोणता अत्तराचा कारखाना आहे. कोंबडीला काकांनी घरी नेऊन बसवलं होतं, पण तिला कमोडचा लळा लागला होता. दार उघडं दिसलं की ती अजून येऊन पाहून जाते.

मंडईच्या दिवशी सकाळी भाऊ आला. गाडीतून उतरून आधी तो खोली पाहायला गेला, मध्ये उभा राहून चारी बाजूंना वळला, आणि म्हणाला की आमची बेडरूम एवढी आहे. मग गणितवाल्या बहिणीचा भाऊ शोभेल असा प्रश्न त्यानं विचारला, की जुन्या भिंतीपासून आपली जागा नक्की कितवर आहे. मी बाबांकडे पाहिलं, बाबांनी काकांकडे पाहिलं, काकांनी कोंबडीकडे पाहिलं. बाबा उठले, वॉकर घेऊन आत गेले आणि दार लावलं. आम्ही सगळे अंगणात नको तितक्या मोठ्यानं बोलत राहिलो. आत वॉकर वळल्याचा आवाज आला, बऱ्याच वेळानं पाण्याचा आला. बाबा एकटेच बाहेर आले, हात पुसत, आणि जेवायचं काय झालं म्हणून विचारलं.

काकींनी मरळीचा रस्सा पाठवला होता. पाहुणे बरेच होते, पंगत ओसरीवर बसली, बाबा आणि काका दोघं खुर्च्यांवर, मांडीवर ताटं घेऊन. मी बाबांच्या ताटात रोजच्यासारखा मूठभर भात घातला आणि पातेलं घेऊन पुढे निघाले.

"कुठं चालली?" बाबा म्हणाले. "भात वाढ."

मी वाढला. त्यांनी बोटांनी खळगा केला, रस्सा ओतला, कालवला, आणि मी तिथेच उभी आहे हे पाहून ताट पुन्हा पुढे केलं. "आणखी."

मी पळी ठेवली आणि पातेलंच कलतं केलं.